सेंट्रल पार्कात आईबाबांना झेपेल अशी फेरी: कुठून शिरायचं, कुठे टेकायचं?

मीठपेरू | १४ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

आईबाबा मे महिन्यात येतायत, सहा महिने मुक्काम. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. बाबा ७३, दादरचे. शिवाजी पार्कला रोज सकाळी चार राउंड मारून वर कट्ट्यावर तासभर देशाचं राजकारण सोडवणारे. आई ६९. तिचा उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर मजेत चालते, जिना आला की एकेक पायरी, तीही कठड्याला धरून.

गेल्या खेपेला मी शहाणपणा केला होता. काही विचार न करता त्यांना मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कला नेलं. पूर्वेकडून, मेट म्युझियमच्या बाजूने शिरलो आणि फोनकडे बघत बघत त्या रँबलच्या झाडीत घुसलो. वाट वळते, चढते, उतरते, दगडी पायऱ्या येतात, आणि अर्ध्या तासाने आपण पुन्हा त्याच पुलावर! आई एका खडकावर बसली ती उठेचना. शेवटी सायकलरिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, फार नाही होणार. पंधरा मिनिटांनी उतरलो तेव्हा त्याने सांगितलेल्या आकड्याचे बाबांनी तिथल्या तिथे रुपये केले. पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

यंदा नीट करायचंय. मला "बघायलाच हवीत अशी वीस ठिकाणं" नकोत. सपाट, सावलीची, वाटेत बाकं असलेली, पायऱ्या टाळता येतील अशी गोल फेरी हवी. जिथून निघू तिथेच परत येऊ. आणि हो, स्वच्छतागृह कुठे कुठे आहे ते आधी सांगा, बाकी नंतर.

---

टेकडीवाला

सोप्पं आहे. रेझर्व्हॉयर. पार्काच्या मधोमध, ८६ ते ९६ या गल्ल्यांच्या (स्ट्रीटच्या) दरम्यान भलंमोठं तळं आहे, १०६ एकरांचं. त्याला वळसा घालणारी मातीची वाट १.५८ मैल, म्हणजे अडीच किलोमीटर. टेबलासारखी सपाट. चुकायचा प्रश्नच नाही, पाणी डाव्या हाताला ठेवायचं आणि चालत सुटायचं. सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेनेच जातात, तशा पाट्या आहेत. मी शनिवारी तीन फेऱ्या मारतो. आपल्या बाबांना शिवाजी पार्कचे दोन राउंड आणि वर थोडं, एवढंच वाटेल.

---

मीठपेरू

बाबांना जमेल हो. पण आईला आत्ताच फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कुंपणाबाहेरून पाणी बघत गोल फिरायचं? मग आपली ठाण्याची तलावपाळी काय वाईट?" आणि तिथे बसायचं कुठे?

---

ताक_कण्या

टेकडीवाले, तुमची फेरी धावणाऱ्यांची. वाट अरुंद, मागून पळणारे येतात, म्हाताऱ्या माणसाला सतत बाजूला व्हावं लागतं. आणि अर्ध्यात कंटाळा आला तर मधून घरी जायची सोय नाही, पाणी आहे ना मध्ये! जवळचं स्वच्छतागृह म्हणजे वायव्येला टेनिस कोर्टापाशी.

मीठपेरू, मी जर्सीत वीस वर्षं आहे. आधी आईबाबा, मग सासूसासरे, मग मावशी, मग सासूबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळ्यांना एकाच वाटेने फिरवून आणलंय. लिहून घ्या.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून, कोलंबस सर्कलवरून शिरायचं. आत शिरताच गाडीरस्त्यासारखा रुंद डांबरी रस्ता लागतो. गाड्या २०१८च्या जूनपासून कायमच्या बंद आहेत, पण सायकली आहेत आणि त्या जोरात असतात. त्याबद्दल खाली सांगते. तो ओलांडून हेक्शर मैदानाच्या कडेने वर जायचं. तिथे मुलांच्या खेळायच्या जागेजवळ पहिलं स्वच्छतागृह. लागली नसली तरी जाऊन यायचं, हा आमच्याकडचा नियम.

मग शीप मेडो नावाच्या कुरणाच्या दक्षिणेच्या कडेने पूर्वेकडे. थोड्याच वेळात 'मॉल' लागेल. दुकानांचा नाही! दोन्ही बाजूंनी उंच एल्मची झाडं, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली रुंद सरळ वाट आणि दुतर्फा बाकंच बाकं. आईंना इथे हवं तेवढं बसू द्या. बाकीच्या पार्कात वाटा वळणदारच वळणदार, सरळ अशी एवढीच.

मॉल संपला की समोर बेथेस्डा टेरेस, खाली कारंजं, मागे तळं. इथे सगळे जण भव्य जिन्याने उतरतात. तुम्ही उतरू नका. मॉलच्या टोकाला आलात की ७२व्या गल्लीच्या रस्त्याने डावीकडे चेरी हिलला जा. तिथेही छोटं कारंजं आहे, मुळात घोड्यांना पाणी पाजायला बांधलेलं. तिथून तळ्याकडे उताराची वाट जाते आणि काठाकाठाने उजवीकडे वळलं की बेथेस्डाचं कारंजं. एकही पायरी नाही. थोडं लांब पडतं, पण गुडघा तुम्हाला दुवा देईल. स्वच्छतागृह नंबर दोन टेरेसपाशीच.

परतताना त्याच उताराने वर, मग पश्चिमेला ७२च्या दाराकडे. वाटेत स्ट्रॉबेरी फील्ड्स, जॉन लेननच्या आठवणीचं मोझेक. फोटोसाठी रांग असते, आमच्या मावशीने "हा कोण?" विचारून तिथेच पाणी प्यायलं आणि पुढे निघाली. मग पश्चिमेच्या कडेने सरळ दक्षिणेला, कोलंबस सर्कल. दोन मैलांच्या आसपास. न बसता तासाभरात होते, पण न बसता करायचीच कशाला!

खाण्याचा डबा घरून न्या. दशम्या-चटणी उत्तम. आमच्या भिशीने मॉलवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्यात, कोणी काही म्हणत नाही.

---

शेवंती

वाचतेय. अवांतर प्रश्न: बाबागाडी नेता येईल का या फेरीवर? माझा दहा महिन्यांचा आहे.

---

ताक_कण्या

@शेवंती, खुशाल. ज्या वाटेवर पायरी नाही ती गुडघ्यालाही चालते आणि बाबागाडीलाही. रेझर्व्हॉयरच्या वाटेवर मात्र बाबागाडी, कुत्री, सायकली काहीच नेऊ देत नाहीत.

---

फलाट_क्रमांक_३

येण्याजाण्याचं कोणी बोलत नाहीये, आणि तिथेच गुडघे संपतात.

मेट्रोपार्क स्टेशनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी, पेन स्टेशनपर्यंत. तिथे खाली सबवेची ए किंवा सी गाडी पकडा, अपटाउन, म्हणजे उत्तरेकडे जाणारी. दोन्ही ५९व्या गल्लीला, कोलंबस सर्कलला थांबतात. त्याच फलाटांवर ई पण येते, तिच्यात बसू नका, ती पुढे क्वीन्सकडे वळते. पेन आणि कोलंबस सर्कल दोन्हीकडे लिफ्ट आहे. सी गाडी पार्कच्या अगदी दाराशी, ७२लाही थांबते हे खरं, पण त्या स्टेशनला लिफ्ट नाही. म्हणून ताक_कण्या यांची कोलंबस सर्कलची सुरुवात बरोबर.

निघण्याआधी लिफ्ट चालू आहे ना ते ॲपवर बघून घ्या. लिफ्ट असणं आणि लिफ्ट चालू असणं यातला फरक तुम्हा-आम्हाला वेगळा सांगायला नको.

सायकलींचं: रस्त्यावर सगळी वाहतूक एकाच दिशेने, घड्याळाच्या उलटी. म्हणजे पश्चिमेकडून आत शिरताना सायकली डावीकडून येतात. आपल्या आईबाबांची मान सवयीने आधी उजवीकडे वळते. हे त्यांना घरीच सांगा, रस्त्यावर सांगायला वेळ मिळत नाही.

---

बोरिवली_पूर्व

८४३ एकरांचं एवढं कौतुक! आमचं नॅशनल पार्क १०४ चौरस किलोमीटर आहे. तुमची अशी तीस पार्कं आत मावतील. वर दोन हजार वर्षांची कान्हेरीची लेणी आणि बिबटे मोफत. (हलके घ्या.)

---

मीठपेरू

@बोरिवली_पूर्व, बिबट्यासमोर आईला गुडघ्याचं विसरून पळता येईल हा फायदा आहेच.

@ताक_कण्या, @फलाट_क्रमांक_३, दोघांनाही साष्टांग. आता रिक्षाचं सांगा. तो दर नक्की काय प्रकार असतो?

---

फलाट_क्रमांक_३

बहुतेक जण मिनिटावर घेतात. दराची पाटी गाडीवर लावावी लागते, ती लावलेलीही असते, पण आपण बसताना वाचत नाही. मग तो तुम्हाला पुतळ्यापुतळ्यापाशी थांबून माहिती सांगतो, आणि आपल्याला वाटतं काय प्रेमळ माणूस! मिनिटं चालूच. बसण्याआधी "कोलंबस सर्कलपर्यंत सगळ्यांचे मिळून एकूण किती" हे विचारून आकडा पक्का करा, नाही तर बसू नका. आम्हीही एकदा फसलोय, म्हणून एवढं पाठ आहे.

---

आडवाट

बाबांसाठी एक खेळ सुचवतो. पार्कातल्या दिव्याच्या प्रत्येक खांबावर तळाशी चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे म्हणजे शेजारची गल्ली. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. समजा खांबावर ७३०४ आहे, तर तुम्ही ७३व्या गल्लीच्या रेषेत, पूर्वेकडे. एवढं ठाऊक असतं तर गेल्या वेळी रँबलमध्ये चकवा लागला नसता. फोनचा बाण झाडीत गरागरा फिरतो, खांब फिरत नाही. हे खांबही साधेसुधे नाहीत, वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक ज्याने उभारलं त्या हेन्री बेकनने १९०७मध्ये त्यांचा आराखडा केला.

आणि रँबलला तुम्ही चुकलात यात तुमचा काही दोष नाही. माणसाने हरवावं म्हणूनच तो भाग तसा रचलाय. ओम्स्टेड आणि व्हॉक्स या दोघांनी १८५८च्या स्पर्धेत जिंकलेला हा आराखडा. निसर्ग वगैरे जे वाटतं ते पुष्कळसं बनवलेलं आहे. तळी खणलेली, टेकाडं रचलेली, झाडं लावलेली. मूळचे म्हणाल तर ते काळे-करडे खडक. त्या दोघांची सगळ्यात मोठी हुशारी दिसतच नाही: शहराची आडवी वाहतूक जाणारे चार रस्ते त्यांनी खड्ड्यातून नेले. आपण वर गवतावर चालतो आणि पायाखालून बस जाते.

---

रानजाई

मॉलवरच्या एल्मबद्दल. आईंना झाडांची आवड असेल तर सांगा, हा आपल्या वावळाचा चुलतभाऊ. एकाच कुळातले दोघे. वावळाच्या पापड्या उन्हाळ्यात वाऱ्यावर उडतात ना, मध्ये बी आणि भोवती कागदासारखा पंख, तशाच एल्मच्याही असतात, फक्त लहान. युरोपातून आलेल्या बुरशीच्या रोगाने अमेरिकेतले एल्म गावंच्या गावं मेले. एवढे एल्म एका जागी उभे असलेली जी मोजकी ठिकाणं उरलीत, त्यांतलं हे एक. दरवर्षी रोगट फांद्या शोधून छाटतात, म्हणून टिकलेत.

पक्षी बघायचे तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा सोडू नका. उत्तरेकडे जाणारे वॉर्बलर रात्रभर उडून पहाटे खाली बघतात तर सगळीकडे काँक्रीट आणि मध्ये एकच हिरवा चौकोन. सगळे तिथेच उतरतात. त्यासाठी मात्र रँबललाच जावं लागेल.

---

मीठपेरू

रँबल हा शब्द आमच्या घरात उच्चारायला बंदी आहे.

---

आडवाट

आणखी एक, मग गप्प बसतो. पश्चिमेला ८२ ते ८९ या गल्ल्यांच्या दरम्यान सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासूनची. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, स्वतःच्या जमिनीवर स्वतःची घरं, तीन चर्च, एक शाळा. त्या काळी न्यूयॉर्कात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर नावावर २५० डॉलरची मालमत्ता लागायची. म्हणजे जमीन गेली की मतही गेलं. १८५७मध्ये पार्कासाठी सगळ्यांना उठवलं. पार्काच्या पूर्ण जागेवरून हललेली माणसं सोळाशेच्या घरात. आता तिथे पाट्या लावल्या आहेत. ताक_कण्या यांच्या फेरीत ही जागा येत नाही, पण बाबांना ऐकायला आवडेल.

---

कोयनाकाठ

आवडेल का माहीत नाही. माझ्या आजीचं गाव कोयना धरणाच्या शिवसागरात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा. लोक तिथे बोटिंगला येतात, छान म्हणतात, आणि छान आहेच. आजी कधी गेली नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचून तिची आठवण आली, एवढंच.

---

ताक_कण्या

खरंय. आम्ही एवढी माणसं नेली, पण त्या बाजूला कधी वळलो नाही. पुढच्या वेळी वळू.

विषय धरून एक राहिलं: मॉलच्या दक्षिणेला शेक्सपिअर, बर्न्स, स्कॉट असे सगळे बाप्यांचेच पुतळे. उत्तरेकडे जाताना बायकांच्या हक्कांसाठी भांडलेल्या तिघींचा पुतळा लागेल, सोजर्नर ट्रूथ, सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन. तो २०२०च्या ऑगस्टमध्ये बसला. तोपर्यंत या पार्कात खऱ्या बाईचा एकही पुतळा नव्हता. ॲलिस होती, ज्युलिएट होती, देवदूत होती. आमच्या सासूबाई म्हणाल्या, गोष्टीतल्या बायका भांडत नाहीत ना, म्हणून.

---

टेकडीवाला

माझ्या रेझर्व्हॉयरचा सगळ्यांनी मिळून निकाल लावलात. असो. संध्याकाळी उत्तरेच्या काठावर उभं राहून दक्षिणेला बघा, पाण्यात इमारती उलट्या दिसतात. आणि ते नुसतं तळं नाही. १९९३ पर्यंत शहराच्या पाणीपुरवठ्यात होतं. शंभर कोटी गॅलन मावतं.

---

मीठपेरू | ९ जून, रात्री ११:१५

मंडळी, झाली फेरी! काल जाऊन आलो. वृत्तांत लिहायचं वचन होतं, जरा मोठा झालाय.

लिफ्ट दोन्हीकडे चालू होती. (फलाट_क्रमांक_३, तुमच्या नावाने पेढे.) ई गाडी समोर येऊन उभी राहिली, बाबा चढायला निघाले, मी दंडाला धरून मागे ओढलं.

रस्ता ओलांडताना मी दोनदा बजावूनही बाबांनी उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. डावीकडून एक सायकलस्वार ओरडत गेला. बाबांचं उत्तर मराठीत आणि दादरचं होतं, ते इथे लिहीत नाही. त्यानंतर मात्र दिवसभर डावीकडेच बघत होते.

हेक्शर मैदानाजवळच्या त्या मोठ्या खडकापाशी पहिला थांबा. हिमनदी घासत गेल्याच्या खोबणी त्यावर अजून आहेत. वाचून गेले होते मी: हा शिस्ट खडक ४५ कोटी वर्षांचा, आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट साडेसहा कोटींचा. बाबा म्हणाले, "म्हणजे आपला लहान आहे. तरी दिसतो थोरला." खडकातला अभ्रक उन्हात चमकत होता, आईने हात लावून बोटं बघितली, चांदी लागल्यासारखी.

मग खांब. आडवाट, तुम्ही काय करून ठेवलंत! बाबांना नंबराचं सांगितलं आणि त्यांना फेरी उरलीच नाही, खांबच उरले. प्रत्येक खांबापाशी वाकायचं, चष्मा वर, आकडा वाचायचा, "सहासष्ट. विषम. पश्चिम." मग पुढचा. मॉलवर पोचेपर्यंत आमच्यामागे एक स्पॅनिश बोलणारं कुटुंब लागलं होतं, त्यांच्या पोरालाही बाबांनी खुणांनी शिकवलं. तो पोरगा पळत पुढचा खांब गाठायचा आणि बोटांवर आकडे दाखवायचा.

मॉल. रानजाई, आईला वावळाचं सांगितलं तर म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस, नातेवाईक आहेत म्हणून!" पापड्या गळून गेल्या होत्या, बाकाखाली दोन वाळक्या सापडल्या, त्या रुमालात बांधल्या. इथल्या खारी बघून मात्र नाराज. "एवढ्या गुबगुबीत, पण पाठीवर रामाची बोटं नाहीत. सेतूला गेल्याच नाहीत या."

आई बाकांवरच्या धातूच्या पट्ट्या वाचत बसली. लोक पैसे देऊन बाक दत्तक घेतात आणि आपल्या माणसासाठी दोन ओळी लिहितात. कुणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, कुणाचा कुत्रा. मी जमेल तसं मराठीत सांगत होते. पाचसहा झाल्यावर म्हणाली, "एकाही बाकावर नगरसेवकाचं नाव नाही गं."

पुऱ्या खाल्ल्या. तासभर तिथेच गेला. मला आधी वाटलं होतं पुढे सरकायला हवं, वेळेत संपवायला हवं. मग बाबा बाकावर मान मागे टाकून चक्क घोरायला लागले आणि मी घड्याळ बघणं सोडलं.

चेरी हिलची उताराची वाट बरोबर सापडली. कारंज्यावरच्या त्या पंखवाल्या मूर्तीची माहिती मी वाचून गेले होते: एमा स्टेबिन्स या बाईने घडवली, १८७३मध्ये बसवली, १८४२ साली क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी शहरात आलं त्याची आठवण म्हणून. त्याआधी इथे कॉलऱ्याने माणसं मरत होती. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे नळाला पाणी आलं म्हणून देवी बसवली. बरोबर आहे की. आपण चाळीत चार वाजता उठून पाणी भरायचो, आपल्यालाही बसवायला हवी होती." आणि पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून टाकलं पाण्यात. डॉलर नाही. देवीला चालतं म्हणाली.

टेरेसच्या खाली जो कमानींचा मंडप आहे त्याचं छत कुणी इथे लिहिलं नव्हतं! इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स, पंधरा हजारांवर, सगळ्या वर छताला. पडझड झाली म्हणून काढून ठेवल्या होत्या, दुरुस्त करून २००७ला परत लावल्या. बाबा म्हणाले, मुंबईत जुन्या इमारतींत या पायाखाली असतात, इथे डोक्यावर. तिथे एक मुलगी गात होती, माइकशिवाय, आणि आवाज छतावरून फिरून येत होता. आईने काठी बाजूला ठेवली आणि भिंतीकडेच्या दगडावर बसून राहिली. गाणं कुठल्या भाषेतलं ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

स्ट्रॉबेरी फील्ड्सला रांग बघून पुढे निघालो. (ताक_कण्या, मावशींना सांगा.) परतीच्या वाटेवर शीप मेडोमध्ये १९३४ पर्यंत खरोखर मेंढ्या चरायच्या आणि ते बाजूचं महागडं रेस्टॉरंट म्हणजे मूळचा मेंढवाडा, हे सांगितल्यावर बाबांनी दारावरचा मेनू वाचला, रुपये केले, आणि "मेंढ्या सुटल्या म्हणायच्या" एवढंच बोलले.

सायकलरिक्षावाल्यांनी चार वेळा विचारलं. चौथ्याला बाबांनीच विचारलं, कोलंबस सर्कल, तिघांचे, एकूण किती? त्याने आकडा सांगितला. बाबा हसले, खांबाकडे बोट दाखवलं आणि चालत राहिले.

दोन मैलांना आम्हाला सव्वाचार तास लागले. आईचा गुडघा रात्री शेकला, पण सकाळी स्वतः उठून चहा केला.

---

ताक_कण्या

सव्वाचार तास! आमच्या भिशीचा विक्रम पावणेचारचा होता. अभिनंदन.

ते छत मी वीस वर्षांत वर बघितलंच नाही हो. खाली स्वच्छतागृह शोधण्यातच गेली वर्षं.

---

शेवंती

आम्हीही परवा जाऊन आलो बाबागाडी घेऊन, बरोबर त्याच वाटेने. कुठेही उचलावी लागली नाही. पोरगा मॉलवर झोपला, तुमच्या बाबांसारखाच.

---

रानजाई

त्या दोन पापड्या भारतात नेऊ नका हं, बी न्यायला परवानगी लागते. वहीत चिकटवा.

---

टेकडीवाला

पुढची फेरी रेझर्व्हॉयर?

---

आडवाट

मी उत्तरेचं टोक सुचवेन. १०५ला पाचव्या ॲव्हेन्यूवर कॉन्झर्व्हेटरी गार्डन, १९३७ची, तीन भाग तीन तऱ्हांचे, इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश. गर्दी कमी. तिथून चालत वर गेलं की हार्लेम मीरचं तळं, त्याला गोल वाट, काठावर बाकं. छोटीशी फेरी. पर्यटक तिथवर पोचतच नाहीत.

---

मीठपेरू

@टेकडीवाला, आई म्हणते तुमच्या तळ्यालाही येईन, पण अर्धीच फेरी. उरलेली अर्धी तुम्ही मारायची.

@आडवाट, उत्तर टोकाचं बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न आहे: खांबावर गल्लीला दोनच आकडे, तर मग शंभराच्या पुढे काय लिहितात?

---

आडवाट

आता मीच सांगितलं तर काय मजा! बाबांनाच जाऊन वाचू द्या. आणि इथे येऊन लिहा.